फाल्गुन ते चैत्र: घरात कुत्रं-मांजर असेल तर काय काय सांभाळायचं?

अंगणवेल
टेकडीवर काटेसावर आणि पांगारा फुललेत. पहाटे अजून पांघरूण लागतं आणि दुपारी पंखा. पाडव्यापर्यंत आणि पुढेही घराघरांत कामांची रांग असते: स्वेटर-रजया धुऊन ठेवायच्या, होळी, धुळवड, रंगपंचमी, पाडव्याआधीची झाडलोट, कुंड्यांची माती बदलायची. यातल्या जवळजवळ प्रत्येक कामात मुक्या जनावराला बाधेल असं काहीतरी असतं आणि ते आपल्याच हाताने खाली ठेवलेलं असतं. सगळं एका धाग्यात जमावं म्हणून हा प्रपंच. ज्याला जे नेमकं माहीत आहे ते प्रमाणासकट, कारणासकट लिहा. नुसतं 'काळजी घ्या' नको.

सुरुवात कुंड्यांपासून करते, कारण याबद्दल फार कमी बोललं जातं. नर्सरीत 'सेंद्रिय खत' म्हणून जी मिश्र पिशवी मिळते तिच्यात अनेकदा एरंडीची पेंड आणि हाडांचा चुरा असतो. एरंडीच्या बीमधलं रिसिन हे विष तेलात उतरत नाही, चोथ्यातच राहतं. पेंड पुरेशी तापवली तर ते निकामी होतं, पण आपल्या हातातल्या पिशवीतली पेंड तशी तापवलेली आहे की नाही हे कळायला मार्ग नसतो. हाडांच्या चुऱ्याचा वास कुत्र्याला ओढून आणतो आणि ते कुंडी उकरून ती माती खातं. लक्षणं लगेच दिसत नाहीत. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू होतात. यावर उतारा औषध नाही, सलाईन आणि देखभालीवरच सगळं अवलंबून.

घरात कुत्रं असेल तर एरंडी पेंड आणि बोनमील (हाडांचा चुरा) दोन्ही आणूच नका. १२ इंची कुंडीला दोन ओंजळी गांडूळखत आणि मूठभर, म्हणजे साधारण ५० ग्रॅम, नीमपेंड पुरते. तीही वर भुरभुरायची नाही, मातीच्या तीन-चार इंच खाली मिसळायची. वर मुठीएवढे गोटे रचले की उकरणं थांबतं. कोकोपीटची वीट भिजवेपर्यंत उंचावर ठेवा. कोरडा तुकडा पोटात गेला तर तिथे पाणी पिऊन फुगतो आणि आतडं अडवू शकतो. गोगलगाय मारायच्या गोळ्याही तशाच घातक. त्यातल्या मेटाल्डिहाइडने तासाभरात थरथर आणि झटके सुरू होऊ शकतात.

मांजरघर
फार आवश्यक धागा. झाडांबद्दल मांजरांच्या बाजूने लिहिते.

लिलियम, म्हणजे पुष्पगुच्छात असते ती मोठी, वासाची, तपकिरी परागांची लिली, मांजर असलेल्या घरात नकोच. पाकळी, पान, पराग, फुलदाणीतलं पाणी, सगळंच विषारी. पराग अंगावर सांडून मांजराने अंग चाटलं तरी एक ते तीन दिवसांत मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. १८ तासांच्या आत सलाईन सुरू झालं तर वाचण्याची आशा चांगली असते, म्हणून 'बघू उद्या सकाळी' करू नये. डे-लिली हीसुद्धा याच यादीत. पीस लिली मात्र वेगळी. तिच्यात मनीप्लांट, डिफेनबॅकियासारखे ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. तोंडाची आग होते, लाळ गळते, पण मूत्रपिंड जात नाही. निशिगंध या गटातला नाही.

सायकस (शोभेचा पाम म्हणून विकतात) कुत्र्या-मांजरांचं यकृत घालवतो, त्याच्या बिया सर्वांत वाईट. पूजेसाठी लावतात ती कण्हेर, आणि बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर, या दोन्हींचं विष थेट हृदयावर काम करतं. छाटणी करून फांद्या गच्चीत पसरून ठेवू नका. वाळलेलं पानही तितकंच विषारी असतं.

मग लावायचं काय? तुळस, मोगरा, गुलाब, जास्वंद, अरेका पाम, स्पायडर प्लांट, बोस्टन फर्न यांनी धोका नाही. शिवाय पसरट थाळीत दोन इंच माती घालून मूठभर गहू पेरा. सात-आठ दिवसांत चार-पाच इंच पाती येतात आणि मांजर बाकीच्या कुंड्यांना फारसं तोंड लावत नाही. दर आठवड्याला नवी थाळी पेरत गेलं की खंड पडत नाही.

नवा_भिडू
पाडव्याच्या साफसफाईत फरशी कशाने पुसायची? आमच्याकडे काळं फिनाईल वापरतात. घरात एक लॅब (लॅब्राडोर कुत्रा) आणि दोन मांजरं आहेत.

मांजरघर
काळं फिनाईल आजच बंद करा. त्यात फिनॉल गटातली रसायनं असतात आणि मांजराच्या यकृतात ती निकामी करणारं विकर फार कमी असतं. मांजर फरशीवरून चालतं, मग पंजे चाटतं. पांढऱ्या फिनाईलमधलं पाइन तेलही मांजराला सोसत नाही. सुगंधी फ्लोअर क्लीनरच्या बाटलीवर 'बेन्झाल्कोनियम क्लोराइड' दिसलं तर त्याच्या ओल्या थराने जिभेवर व्रण येतात. मांजर खायचं थांबतं, लाळ गाळतं आणि घरच्यांना वाटतं दात दुखतोय.

अर्ध्या बादलीत भांडी घासायच्या लिक्विडचे पाच-सहा थेंब, त्याने पुसा. मग साध्या पाण्याने दुसरा हात. फरशी वाळेपर्यंत मांजर दुसऱ्या खोलीत. क्लीनर वापरायचाच असेल तर बाटलीवरचं पाण्याचं प्रमाण पाळा आणि साध्या पाण्याचा हात चुकवू नका. मांजराने शू केलेल्या जागी ब्लीच ओतू नका. शूमधल्या अमोनियाशी त्याची क्रिया होऊन घसा जाळणारा वायू तयार होतो, तुमच्यासाठीही वाईट. तिथे एन्झाइम क्लीनर वापरा, १० मिनिटं राहू द्या, मग टिपून घ्या.

आणि डांबर गोळ्या! रजया ट्रंकेत ठेवताना हमखास एखादी घरंगळते. नॅफ्थलीनची एक गोळीसुद्धा मांजराला किंवा छोट्या कुत्र्याला जड जाते, तांबड्या पेशी फुटतात. रजया कडक उन्हात दोन दिवस वाळवून घट्ट झाकणाच्या पेटीत ठेवल्या तर गोळ्यांची गरजच उरत नाही.

चारपायी
मी पशुवैद्यक आहे. वरचं सगळं बरोबर आहे. मी गोचिडांवर लिहितो, कारण मार्चपासून पुण्यात आजारी कुत्रं म्हटलं की आधी गोचीड-तापाचाच विचार करावा लागतो.

आपल्याकडच्या कुत्र्यांवरचा गोचीड मुख्यतः तपकिरी जातीचा असतो. तो घरात, भिंतीत, पूर्ण जीवनचक्र काढू शकतो. रक्त पिऊन वाटाण्याएवढी फुगलेली मादी कुत्र्यावरून उतरते, स्कर्टिंगच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे, पलंगाच्या सांध्यात शिरते आणि हजारोंच्या संख्येने अंडी घालते. अंड्यातून सहा पायांची, मोहरीपेक्षाही बारीक पिल्लं निघतात. ती रक्त पितात, पुन्हा उतरतात, कात टाकतात, आठ पायांची होऊन परत चढतात. असे तीन वेळा चढणं-उतरणं. गरम हवेत हे चक्र दोन महिन्यांत पुरं होतं. प्रौढ गोचीड उपाशीही महिनोन् महिने तग धरतो. म्हणजे कुत्र्यावर पाच दिसले तर त्यांच्या कितीतरी पट घरात आहेत असं धरून चाला. 'औषध लावलं, तरी परत आले' ही तक्रार इथूनच येते: कुत्रं साफ केलं, भिंत नाही केली.

त्यामुळे दोन आघाड्या एकाच वेळी.

कुत्र्यासाठी: आयसॉक्साझोलिन गटातल्या चघळायच्या गोळ्या सगळ्यात भरवशाच्या. फ्लुरालेनर १२ आठवडे चालते, सॅरोलेनर ३५ दिवस, अफॉक्सोलेनर महिनाभर. वजनाच्या पट्टीप्रमाणेच घ्या, मोठी गोळी अर्धी करून दोन कुत्र्यांना देऊ नका. गोचीड चावल्यावरच औषध त्याच्या पोटात जातं आणि मरायला त्याला एक-दोन दिवस लागतात, म्हणून गोळीनंतर अंगावर जिवंत गोचीड दिसला तर घाबरू नका. कुत्र्याला आधी कधी फिट आली असेल तर हा गट डॉक्टरांशी बोलल्याशिवाय देऊ नये. पहिली गोळी फेब्रुवारीअखेर आणि पावसाळा संपेपर्यंत खंड नको.

घरासाठी: स्कर्टिंग, चौकटी, बाल्कनीचे कोपरे, कुत्र्याच्या पलंगाखालची जागा, सगळीकडे व्हॅक्यूमचं बारीक तोंड फिरवा. पिशवी लगेच घराबाहेर. कुत्र्याची चादर ६० अंशाच्या गरम पाण्यात धुवा. फटी पांढऱ्या सिमेंटने किंवा सीलंटने बुजवा. सगळ्यात टिकाऊ उपाय हाच. फवारणी करायची तर प्रशिक्षित माणसाकडून करून घ्या आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करा, कारण अंड्यांवर औषध चालत नाही.

मांजरघर
चारपायी, इथे एक गोष्ट ठळक लिहा ना. कुत्र्याचं औषध मांजराला.

चारपायी
हो, नक्कीच. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या ज्या थेंबांत परमेथ्रिन असतं ते मांजराला प्राणघातक आहे. मांजराच्या अंगावर टाकायला नको हे तर झालंच, पण ताजे थेंब लावलेल्या कुत्र्याला बिलगून मांजर झोपलं तरी विषबाधा होऊ शकते. कान-चेहरा थरथरतो, मग अंग, मग झटके. चुकून लागलंच तर कोमट पाणी आणि भांड्याच्या लिक्विडने धुवा (गरम पाणी नको, त्वचेतून शोषण वाढतं), टॉवेलात गुंडाळा आणि दवाखाना गाठा. अमिट्राझ या गोचीडनाशकाची आंघोळही मांजरांना नाही. डेल्टामेथ्रिनची, म्हणजे गुरांच्या गोचिडांसाठी मिळणाऱ्या औषधाची फवारणी मांजराच्या घरात नको आणि माशांची टाकी असेल तर अजिबात नको.

टेकडीफेरी
डॉक्टर, अंगावरचा गोचीड काढायची नेमकी रीत सांगाल का? टेकडीवर लोक रॉकेलचा बोळा लावताना दिसतात.

चारपायी
रॉकेल, पेटती काडी, नेलपॉलिश, काही नको. गोचीड गुदमरताना पोटातलं रक्त जखमेत ओकतो आणि आजाराचे जंतू त्यातूनच जातात. अणकुचीदार टोकाचा चिमटा घ्या, केस बाजूला करा, फुगलेलं पोट न दाबता अगदी कातडीलगत तोंडापाशी पकडा आणि सरळ वर, एकसंध जोराने ओढा. पिळायचं नाही, हिसका नाही. बोटांनी चिरडू नका. झाकणाच्या बाटलीत सर्जिकल स्पिरिट ठेवा आणि त्यात टाका. जागेवर पोव्हिडोन आयोडीन लावा. तोंडाचा बारीक काळा ठिपका आत राहिला तर उकरत बसू नका, तो आपसूक पडतो. शोधायच्या जागा: कानाची आतली घडी, बोटांमधली बेचकी, पट्ट्याखाली, काखेत, शेपटीच्या मुळाशी.

ताप आला, जेवण सोडलं, हिरड्या फिक्या पडल्या, पोटावर जांभळे ठिपके दिसले, नाकातून रक्त आलं, तर त्याच दिवशी रक्त तपासा: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), प्लेटलेट आणि काचपट्टीवरचा रक्ताचा थर. एर्लिकिया आणि बाबेसिया हे गोचिडांतून होणारे दोन वेगळे आजार आहेत, औषधं वेगळी. एर्लिकियाला डॉक्सीसायक्लिन २८ दिवस लागतं. पहिल्या एक-दोन दिवसांत ताप उतरतो, कुत्रं उड्या मारायला लागतं आणि लोक गोळी बंद करतात. मग काही महिन्यांनी तोच आजार जुनाट रूपात, अस्थिमज्जा खाऊन परत येतो. २८ म्हणजे २८. गोळी जेवणासोबत द्या, रिकाम्या पोटी उलटी होते.

घरातली पॅरासिटामोल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका. मांजराला पॅरासिटामोलची एक गोळी मारू शकते. कुत्र्याला आयबुप्रोफेनने जठरात व्रण होतात, मूत्रपिंडाला मार बसतो, आणि प्लेटलेट आधीच कमी असताना रक्तस्राव सुरू झाला तर आवरत नाही.

अंगणवेल
कडुनिंबाच्या तेलाबद्दल? बरेच जण 'नैसर्गिक आहे' म्हणून लावतात.

चारपायी
कुत्र्यावर फार पातळ करून लावलं तर थोडं दूर ठेवतं, पण चिकटलेला गोचीड मारत नाही आणि भिंतीतल्याला काहीच करत नाही. पुण्यात तेवढ्यावर विसंबून राहू नये. मांजरावर नकोच. चाटून लाळ, थरथर, सुस्ती येते.

टेकडीफेरी
टेकडीवर कुत्रं नेणाऱ्यांसाठी.

वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, सगळीकडे आता गवत वाळून कुसळं झालीत. कुसळाच्या टोकाला मागे वळलेले बारीक काटे असतात, त्यामुळे ते फक्त पुढेच सरकतं, मागे येत नाही. पंजाच्या बेचकीत शिरलं की आत आत जातं, दोन-तीन दिवसांनी तिथे गळू येतं आणि कुत्रं सारखं तिथेच चाटत बसतं. कानात गेलं तर डोकं एका बाजूला झटकतं, नाकात गेलं तर फिरून आल्यावर अचानक शिंकांची सरबत्ती. परत आल्यावर गाडीत बसायच्या आधी पाच मिनिटं हात फिरवा: चारही पंजे बोटं फाकवून, काखा, कान, पोटाखाली. टोक बाहेर दिसत असेल तर ज्या कोनात शिरलंय त्याच कोनात चिमट्याने ओढा. कानात मात्र इअरबड घालू नका, आणखी आत ढकलाल. लांब केसांच्या कुत्र्याचे पंजांतले आणि कानाच्या तोंडाशी असलेले केस आत्ताच कापून घ्या.

सापांचंही याच दिवसांत पाहा. ऊन वाढलं की ते सकाळ-संध्याकाळ बाहेर पडतात, म्हणजे आपल्याच फिरण्याच्या वेळेला. दगडांच्या ढिगाऱ्यांपाशी आणि दाट गवतात साखळी सोडू नका. चावा बसला तर आवळपट्टी बांधू नका, चिरा देऊ नका, चोखू नका. कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या. तोंडावर चावा असेल तर गळ्यातला पट्टा लगेच काढा, सुजेने तो रुतत जातो. भारतात मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं, त्यामुळे साप मारून दवाखान्यात न्यायची गरज नाही. सगळ्याच पशुदवाखान्यांत ते ठेवलेलं नसतं. म्हणून सीझन सुरू व्हायच्या आधीच आपल्या भागात कुणाकडे आहे, रात्री कोण उघडं असतं, हे फोन करून विचारा आणि नंबर साठवून ठेवा.

वाटेत चिंचेची झाडं असतील तर तिथेही लक्ष. पिकल्या चिंचा या दिवसांत खाली पडलेल्या असतात.

नवा_भिडू
चिंचेने काय होतं? आमचा लॅब रोज खातो.

चारपायी
थांबवा. द्राक्षांनी कुत्र्यांचं मूत्रपिंड जातं हे बऱ्याच वर्षांपासून माहीत होतं, पण नेमकं कशाने ते कळत नव्हतं. २०२१ मध्ये टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं गेलं. द्राक्षात ते असतं आणि चिंचेत तर भरपूर. म्हणून द्राक्षं, मनुका, बेदाणे आणि चिंच हे सगळं एकाच खणात ठेवा: कुत्र्याला अजिबात नाही. किती खाल्लं तर चालतं असा सुरक्षित आकडा नाही. एखाद्याला घोसभर पचतात, दुसऱ्याला चार-पाच भारी पडतात. आत्ता नारायणगाव-नाशिकची द्राक्षं घरोघरी आहेत, टीपॉयवर वाडगा ठेवू नका.

खाल्लं असेल तर उलट्या सुरू व्हायची वाट न बघता दवाखान्यात. दोन तासांच्या आत पोहोचलात तर इंजेक्शनने उलटी काढता येते. घरी मिठाचं पाणी पाजू नका, सोडियम वाढून वेगळंच संकट उभं राहतं.

सणाच्या ताटातलं थोडक्यात सांगतो. पुरणपोळीच्या तुकड्याने बहुधा पोट बिघडण्यापलीकडे काही होत नाही, पण जायफळाची डबी खाली राहू देऊ नका. अख्खं जायफळ खाल्लेल्या कुत्र्याला भ्रम, धडधड, झटके येऊ शकतात. कटाच्या आमटीतला आणि भज्यांमधला कांदा-लसूण तांबड्या पेशी फोडतो, मांजरांत लवकर. भांगेची थंडाई चाटलेलं कुत्रं झोकांड्या देतं, जागच्या जागी शू गाळतं, हात पुढे केला तरी दचकतं. डॉक्टरांना भांग होती हे सरळ सांगा, लाजू नका. नाहीतर नको त्या तपासण्यांत वेळ जातो. आंब्याची कोय आतड्यात अडकते आणि एक्स-रेवर स्पष्ट दिसतेच असं नाही. कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण हवंच.

सोसायटी_सेवक
धुळवडीबद्दल सोसायटीच्या सूचनाफलकावर लावायला काही नेमकं द्या.

चारपायी
फिरवणं सकाळी ७ च्या आत आणि रंग थांबल्यावर. मधल्या वेळात कुत्रं-मांजर रस्त्यापासून लांबच्या खोलीत, पंखा चालू, पाणी भरलेलं. रंग अंगावर पडला तर आधी कोरड्या कापडाने किंवा ब्रशने झटका. थेट पाणी ओतलं तर कोरडा रंग विरघळून कातडीला लागतो आणि चाटला जातो. मग कोमट पाणी आणि कुत्र्याचा शाम्पू, दोनदा. चंदेरी किंवा ऑइलपेंट निघत नसेल तर तेवढे केस कात्रीने कापा. रॉकेल आणि थिनर त्वचा भाजतात. डोळ्यात गेला तर औषधाच्या दुकानात मिळणारं ०.९ टक्के नॉर्मल सलाईन १० मिनिटं सतत सोडा आणि डोळा मिटलेलाच राहिला तर त्याच दिवशी दाखवा. फुग्यांचे तुकडे दुसऱ्या दिवशीही रस्त्यावर असतात, ते गिळले जातात.

फलकावर हेही लिहा: भटक्या कुत्र्यावर रंग टाकणं, त्याला फुगे मारणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० खाली गुन्हा ठरू शकतो. त्यांना अंग धुऊन देणारं कुणी नसतं.

मांजरघर
पाडव्याची एक गोष्ट राहिली. गाठी आणि हाराचा दोरा.

साखरेच्या गाठीला गोड चव, मधून जाणारा जाड दोरा. मांजर तो खेळता खेळता गिळायला लागतं आणि त्याच्या जिभेवरचे काटे मागे वळलेले असल्याने बाहेर टाकता येत नाही. दोऱ्याचा एक फेरा जिभेच्या मुळाशी अडकतो आणि उरलेला दोरा आतड्यात पुढे पुढे जातो. आतडं त्या ताणलेल्या दोऱ्यावर नाडीवर चुण्या पडाव्यात तसं गोळा होतं आणि दोरा आतून ते कापतो. मांजर सारखं ओकत असेल, खात नसेल, तर जबडा उघडून, हनुवटीखालून अंगठ्याने जीभ वर ढकलून मुळाशी दोरा दिसतो का पाहा. तोंडातून किंवा गुदातून दोऱ्याचं टोक लोंबत असेल तर ओढू नका, कापूही नका. तसंच घेऊन जा.

गुढी उतरली की गाठी, हार, रेशमी वस्त्राची किनार, सुतळी हे सगळं त्याच वेळी बंद डब्यात.

खिडक्यांचंही लगे हात सांगते. उन्हाळा आला की खिडक्या उघडतात आणि मांजरं पडतात. फ्लॅटमधली वेल्क्रोने चिकटवलेली मच्छरदाणी मांजराचं वजन पेलत नाही. कबुतरावर झेप घेतली की जाळीसकट बाहेर. स्टीलची जाळी ॲल्युमिनियम चौकटीत स्क्रूने बसवा किंवा बाल्कनीला जाड नायलॉनची कबुतर-जाळी, हुक दर फुटाला एक. वर टांगलेली आणि खाली मोकळी सोडलेली जाळी उपयोगाची नाही, चारही बाजू आवळलेल्या हव्यात.

नवा_भिडू
उन्हाळ्यासाठी लॅबचे केस भादरून टाकावेत का?

टेकडीफेरी
माझ्या मते हो, त्यांना हलकं वाटतं. दरवर्षी बरेच जण करतात.

चारपायी
इथे मतभेद नोंदवतो. लॅब, गोल्डन, हस्की, जर्मन शेफर्ड यांना दुहेरी केस असतात. वरचे लांब केस ऊन अडवतात, आतली लव हवा धरून ठेवते. वस्तऱ्याने भादरलं तर कातडी थेट उन्हात येते, भाजते आणि केस परत येताना कधी विरळ, कधी ठिपक्याठिपक्यांनी येतात. त्यापेक्षा एप्रिल उजाडेपर्यंत एक दिवसाआड अंडरकोट रेकने मेलेली लव काढा. शिह त्झू, ल्हासा, पूडल यांचे केस सतत वाढणारे असतात, ते इंचभरापर्यंत कापले तर चालतात.

केसांपेक्षा वेळ महत्त्वाची. डांबरावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता येत नसेल तर पंजेही टेकवायचे नाहीत. पग, बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्यांना एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसातनंतर बाहेर नको. त्यांना धापा टाकून अंग गार करता येत नाही, घशातला रस्ताच अरुंद असतो. उभ्या गाडीत, काच चार बोटं उघडी ठेवूनही, पाच मिनिटंसुद्धा नको.

उष्माघाताची खूण: न थांबणारी धाप, लालभडक हिरड्या, चिकट लाळ, लडखडणं, उलटी. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस, गुदात थर्मामीटर घालून ४०.५ च्या वर दिसलं तर आधी गार करायचं, मग न्यायचं. सावलीत घ्या, नळाचं पाणी अंगभर ओता, पोट, काखा, जांघा भिजवा आणि पंखा लावा. वाऱ्याशिवाय नुसत्या पाण्याचा तेवढा उपयोग नाही. ओला टॉवेल अंगावर टाकून ठेवू नका, तो तापतो आणि उष्णता कोंडतो. ३९.५ ला आलं की पाणी थांबवा, नाहीतर तापमान खालच्या बाजूला घसरतं. शुद्धीवर असेल तर पाणी पुढे ठेवा, तोंडात ओतू नका. उठून चालायला लागलं तरी त्याच दिवशी दवाखाना, कारण रक्त गोठण्याची यंत्रणा आणि मूत्रपिंड पुढच्या एक ते तीन दिवसांत कोसळू शकतात.

टेकडीफेरी
केसांचं कारण पटलं. रेक आणतो.

चारपायी
आणि एक लस आठवणीने. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या आजाराच्या लसीची) पहिली वेळ असेल तर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात आणि दुसऱ्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी संरक्षण येतं. आपल्याकडे पाऊस जूनमध्ये. म्हणजे पहिला डोस एप्रिलच्या मध्याला पडायला हवा. आधी घेतलेली असेल तर वर्षाला एक. रेबीजची तारीखही त्याच कार्डावर बघून घ्या.

काचपेटी
पक्षी, मासे, ससे यांचंही लिहावं म्हटलं.

लव्हबर्ड, बजी असतील तर पोळ्या नॉनस्टिक तव्यावर करू नका. दोन पोळ्यांच्या मध्ये रिकामा तवा तापत राहिला आणि २६० अंशांच्या वर गेला की लेपातून निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारतो. माणसाला वासही येत नाही. बिडाचा किंवा लोखंडी तवा घ्या. धूप-उदबत्तीही पिंजऱ्याच्या खोलीत नको. पंख अंगापासून लांब धरून, चोच उघडून बसलेला पक्षी तापलेला असतो, त्याला पसरट ताटलीत अर्धा इंच पाणी द्या, तो स्वतः अंघोळ करतो.

याच दिवसांत पोपटाची पिल्लं विकायला येतात. आपला देशी पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. ढोलीतून काढलेली ती पिल्लं फार जगतही नाहीत.

माशांच्या टाकीत पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू घटतो, मासे वर येऊन तोंड उघड-मीट करतात. एअरपंप दिवसरात्र, झाकण उघडं ठेवून वर जाळी, खाद्य निम्मं. बर्फ थेट टाकू नका. अर्धा लिटर पाण्याची गोठवलेली बाटली तरंगत ठेवा आणि तापमान एका वेळी दोन अंशांपेक्षा जास्त उतरू देऊ नका. डास मारायचा स्प्रे आणि लिक्विड मशीन त्या खोलीत बंद. त्यांतली पायरेथ्रॉइड कीटकनाशकं माशांना फार घातक असतात आणि एअरपंप ते थेट पाण्यात ओढून आणतो.

सशाला २८-३० अंशांपुढे त्रास सुरू होतो. पिंजऱ्यात जाड फरशीचा तुकडा, गोठवलेली बाटली कापडात गुंडाळून, आणि कान ओल्या हाताने पुसणे. त्याची बरीचशी उष्णता कानातूनच जाते. सगळं अंग भिजवू नका.

सोसायटी_सेवक
गेटपाशी भटक्या जनावरांसाठी सिमेंटची पाण्याची भांडी ठेवणार आहोत. काही सुचवाल?

काचपेटी
सावलीत ठेवा, पश्चिम बाजूला भिंत असेल तर उत्तम. कुत्र्यांसाठी सहा-सात इंच खोल, पक्ष्यांसाठी वेगळं, दोन इंच उथळ आणि मध्ये एक दगड, म्हणजे मधमाशा बुडत नाहीत. डासांची अंडी काठाला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून नवं भरलं तर ती तशीच राहतात. रोज पाणी बदला आणि एक दिवसाआड नारळाच्या काथ्याने काठ घासा, साबण नको. नवं सिमेंटचं भांडं आणलं असेल तर आधी तीन-चार दिवस पाणी भरून ओतत राहा, सुरुवातीला त्यातून चुना सुटतो. गेटवरच्या दोन्ही पाळ्यांच्या वॉचमनना नावाने काम वाटून द्या.